चेहऱ्याला उठाव कसा आणायचा? कागदावर आणि आरशासमोरही (सल्ला हवा आहे)

रेघोटी:
मला मेकअपची आवड आहे आणि फॅशन इलस्ट्रेशनही मनापासून शिकायचं आहे. सध्या दोन्हीकडे एकच अडचण येते: चेहरा सपाट दिसतो. कागदावर नाक, डोळे, ओठ सगळं जागच्या जागी असतं, तरी उठाव येत नाही. फाउंडेशन लावलं की चेहऱ्याची मूळ ठेवणच झाकली जाते.

सुरुवातीला कागद आणि रंग कोणते घ्यावेत? गव्हाळ, सावळी त्वचा रंगवताना तुम्ही काय वापरता? आणि रोज घाईत आटपेल असा मेकअप कसा करता? मोठाले संच घ्यायचे नाहीत. मोजक्याच पण खरोखर वापरात राहतील अशा वस्तू सुचवा.

जलरंगी:
रेघोटी, रंग विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: उजेड कुठून येतोय? दोन्हीकडचा सपाटपणा बहुतेक वेळा इथूनच येतो. उजेड वरून येत असेल तर कपाळ, नाकाचा कणा, गालाच्या हाडाची वरची बाजू, खालचा ओठ आणि हनुवटीचं टोक उजळ दिसतं. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा तळ, खालच्या ओठाखालची खाच आणि जबड्याखालचा भाग सावलीत जातो. वरच्या ओठाचा उतार खाली वळलेला असतो, म्हणून तो खालच्या ओठापेक्षा गडद दिसतो. दोन्ही ओठ एकाच छटेत भरले की तोंड चिकटवल्यासारखं वाटतं. लिपस्टिक लावल्यावर खालच्या ओठाच्या मध्यावर थोडं ग्लॉस लावतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

त्वचेसाठी ‘स्किन’ नावाची तयार ट्यूब घेऊ नका. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा एवढ्यात गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत सगळ्या छटा निघतात. लाली हवी असेल तर एखादा गार (निळसर झाकेचा) लाल जवळ ठेवा. सावलीत काळा घातला की त्वचा राखट होते. त्याऐवजी बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळा. आणखी एक बारकावा, जो माझ्या फार आवडीचा आहे: त्वचा जितकी गडद, तितकी तिच्यावरची चमक ठळक दिसते. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर त्या चमकेत निळसर झाक असते. ती जागा आधीच कोरी सोडा किंवा शेवटी ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने) टिपा. सावळा चेहरा एकदम जिवंत होतो.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. बारीक रेघा आणि नितळ चेहरा हवा असेल तर गुळगुळीत हॉट प्रेस, रंगाचे ओघळते थर हवे असतील तर खरखरीत कोल्ड प्रेस. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर वेगळा मार्कर पेपर लागेल, कारण साध्या कागदावर रंग रेघेबाहेर पसरतो.

चुणीदार:
जलरंगीला अनुमोदन. पण अगं, नुसते चेहरेच काढत बसू नकोस. फॅशन इलस्ट्रेशनचा जीव पवित्र्यात असतो. प्रत्यक्षात माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी भरते, फॅशनच्या क्रोकीत (आकृतीच्या झटपट रेखाटनात) ती 9 डोक्यांची धरतात आणि वाढीव लांबी मुख्यतः पायांना देतात. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली एक रेघ टाक. आकृती एका पायावर भार देऊन उभी असेल तर ती रेघ त्याच पावलापाशी उतरली पाहिजे. त्या बाजूचं नितंब वर जातं आणि खांदा खाली येतो. एवढं जमलं की कपड्याच्या चुण्या कुठे ताणल्या जातील आणि कुठे सैल पडतील हे आपोआप कळायला लागतं.

आकृती लांब झाली की डोकं लहान होतं, आणि मग चेहऱ्यावर सगळं काढायला जागाच नसते. पापणीची एक जाड रेघ, नाकपुडीचा ठिपका, ओठांचा लाल. बास! हे बघायचं असेल तर फॅशन चित्रकार रने ग्रुओची चित्रं शोध. 1947 पासून त्याने डिओर या फॅशन कंपनीच्या सुगंधांसाठी केलेल्या जाहिराती बघच. काळा, लाल आणि भरपूर कोरी जागा, तरीही बाई डोळ्यांसमोर उभी राहते. त्यानंतर दुसरा फॅशन चित्रकार अँटोनिओ लोपेझ, त्याची चित्रं बघ, म्हणजे त्याच क्षेत्रात किती वेगळी ऊर्जा आणता येते ते दिसेल.

काजळरेघ:
मी मेकअपवर बोलते. रोजच्यासाठी माझा आग्रह एकच: सगळा चेहरा झाकू नका. त्वचेचा स्वतःचा चढउतार दिसत राहिला तर वेगळं कंटूरिंग (गडद छटेने सावल्या रंगवणं) करावंच लागत नाही.

आधी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, किमान एसपीएफ 30. सनस्क्रीनची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम या थराने होते आणि आपण बहुतेक जण त्याहून खूपच पातळ थर लावतो, त्यामुळे हात आखडता घेऊ नका. फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे म्हणून सनस्क्रीन गाळू नका. सनस्क्रीन नीट बसू द्या, घाई केली तर वरच्या थराच्या गुठळ्या होतात.

डोळ्यांखाली निळसर काळेपणा असेल तर थेट कॉन्सीलर लावल्यावर तो राखाडी दिसतो. आधी केशरी किंवा पीच करेक्टरचा (काळेपणाचा रंग मारणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ थर द्या, केशरी हा निळ्याचा विरोधी रंग. मग कॉन्सीलर, तोही फक्त गडद भागावर. फाउंडेशन हवंच असेल तर नाकाच्या बाजूला, हनुवटीवर, जिथे रंग असमान आहे तिथेच बोटाने थोपटा. छटा निवडताना मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात या आणि थोडं थांबा, कारण काही छटा वाळल्यावर गडद होतात.

क्रीम ब्लश गालाच्या हाडावर, कानाकडे वर नेत. क्रीमच्या वस्तू पावडरच्या आधी, हा क्रम चुकवू नका. पावडर फक्त कपाळाचा मध्य आणि नाकाच्या बाजूंना. भुवया रंगाने भरू नका, विरळ जागी केसाएवढ्या बारीक रेघा ओढा. मस्कारा, लिप टिंट, झालं.

निगराणी:
एक भर. मस्कारा साधारण तीन महिन्यांनी बदला, वास किंवा पोत बदलला तर त्याआधीच. वाळला म्हणून त्यात पाणी घालू नका. काजळाची पेन्सिल दुसऱ्या कुणाशी वाटून घेऊ नका.

ओलीकडा:
कंटूरबद्दल काजळरेघशी माझं जुळत नाही. रोजसाठी नको हे खरं, पण कॅमेऱ्यासमोर किंवा समोरून सपाट उजेड पडत असेल तर सावल्या पुसल्या जातात, तिथे तो लागतो. मात्र छटा राखट-तपकिरी हवी. नारिंगी ब्राँझरने (उन्हात रापल्यासारखा रंग देणाऱ्या पावडरने) सावली होत नाही, उन्हाची झाक येते.

रेघोटी:
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! आणखी एक विचारते. जुन्या आयशॅडो कागदावर फेसचार्टसाठी (कागदावरच्या चेहऱ्यावर मेकअप करून बघायला) चालतील का?

जलरंगी:
पावडर छान चालते. कागदाला थोडा खरखरीतपणा हवा, गुळगुळीत कागदावर ती धरत नाही. आधी मॅट छटा, चमकीची सगळ्यात शेवटी. क्रीम आणि लिपस्टिक जपून वापरा, त्यातलं तेल कागदात उतरून भोवती डाग पसरतो. ओठांना त्याच छटेची रंगपेन्सिल बरी. काम संपल्यावर फिक्सेटिव्हचे (रंग कागदावर पक्का धरणाऱ्या स्प्रेचे) हलके फवारे मारा, दुरून आणि मोकळ्या हवेत.

उलटा प्रयोग मात्र अजिबात करू नका. चित्रकलेचे रंग, चकाकी किंवा मार्कर चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांपाशी लावायचे नाहीत. डब्यावर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असलं तरी ते त्वचेसाठी बनवलेले नसतात.