'फ्री टेस्टोस्टेरॉन'ला मराठीत काय लिहावं?

रानजाई: पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजांडकोशाचा विकार, त्यासाठी करायच्या हार्मोनच्या रक्ततपासण्यांवर एक पत्रक मराठीत करायचं आहे, दवाखान्यात वाटण्यासाठी. 'टोटल टेस्टोस्टेरॉन'चं 'एकूण' झालं, कुणाची हरकत नाही. 'फ्री'चं 'मुक्त' केलं तर मुद्रितशोधकांनी काट मारली: "पेशंटला काय कळणार?" 'फ्री' तसंच ठेवावं तर शेजारच्याच फलकावर 'फुल बॉडी चेकअपवर थायरॉइड फ्री' लिहिलेलं असतं. काय करावं?

ताम्रपट: 'मुक्त'च. बद्ध आणि मुक्त ही जोडी शाळेपासून ओळखीची आहे. पेशंटला कळत नाही हे आपणच ठरवायचं आणि मग शब्द मारायचा, ही चांगली पद्धत आहे!

चिमटा: 'सुटं' का नको? सुटे पैसे कुणालाही कळतात. बँकेत अडकलेला पैसा वेगळा आणि हातात खर्चायला असलेला वेगळा.

परखनळी: चिमटा यांचा शब्द शास्त्रालाही धरून आहे. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी या प्रथिनाला घट्ट आणि अल्ब्युमिनला सैल चिकटलेलं असतं. खरोखर सुटं असतं ते जेमतेम 1-2 टक्के. पण एवढं कमी मोजायला साध्या किट कच्च्या पडतात. रिपोर्टवर 'फ्री' म्हणून थेट मोजलेला आकडा आला तर त्यावर फार भिस्त ठेवू नये. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी मोजून हिशेब करणं बरं.

हिशेब असा, त्याला 'फ्री अँड्रोजेन इंडेक्स' म्हणतात (अँड्रोजेन म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या गटातली हार्मोन). समजा, दोघी जणींचं एकूण टेस्टोस्टेरॉन 52 नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटर. त्याला 0.0347 ने गुणलं की 1.8 नॅनोमोल प्रति लीटर. पहिलीचं एसएचबीजी त्याच एककात 60, तर 1.8 भागिले 60 गुणिले 100, म्हणजे 3. दुसरीचं एसएचबीजी 20, तर 9. एकूण आकडा तोच, पण दुसरीच्या हनुवटीवर केस का येतात ते इथे दिसतं. इन्शुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. पीसीओएसमध्ये नेमकं हेच होतं. हा इंडेक्स 5 च्या वर गेला की बरेच जण पीसीओएसचा संशय घेतात, तरी मर्यादा ज्या त्या लॅबचीच पाहायची. आणि एककाकडे लक्ष हवं: काही रिपोर्टांत हेच 52 प्रति मिलीलीटरमध्ये 0.52 असं छापतात.

ताम्रपट: म्हणजे 'मुक्त पुंसंप्रेरक निर्देशांक'. झालं की.

आडवाट: पुंसंप्रेरक! हा शब्द म्हणताना दात पडतील. आणि 'पुरुषी हार्मोन' तर त्याहून वाईट. बाईच्या बीजांडकोशात आणि अधिवृक्क ग्रंथीत ते आयुष्यभर तयार होतं, तिचं इस्ट्रोजेनसुद्धा त्यातूनच बनतं. 'तुझ्यात पुरुषी हार्मोन वाढलंय' हे ऐकून सोळा वर्षांची मुलगी काय समजेल? सरळ 'अँड्रोजेन' लिहा.

ताम्रपट: मग संप्रेरकही टाका. वास्तविक तो फार नेमका शब्द आहे. 1905 साली स्टार्लिंगने 'हार्मोन' शब्द वापरला तो 'चालना देणं' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. आपल्या 'प्रेरक'मध्येही तोच अर्थ. इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं.

चिमटा: चपखल खरं, पण लॅबच्या खिडकीवर 'संप्रेरक तपासायचंय' म्हणून पाहा. सुई बाजूला ठेवून तुमच्याकडे बघतील.

रानजाई: बरं, पुढचं वाक्य: 'पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, उपाशीपोटी.' हे तरी ठीक ना?

ओसरी: 'उपाशीपोटी' नको. चतुर्थीचा उपास म्हणून साबुदाणा खाऊन येणाऱ्या असतात, आणि साखर चढलेली निघते. 'अनशापोटी' लिहा. अशन म्हणजे खाणं, त्यातून अनशन, त्यातून अनशा.

आडवाट: तरुण मुलींना 'अनशापोटी' कळत नाही. 'रात्री 9 नंतर काही खायचं नाही, सकाळी चहाही नाही, साधं पाणी चालेल' असं लिहा. शब्दाचा वादच मिटला.

परखनळी: तसाही उपाशीपणा मुख्यतः साखरेसाठी. एलएच, एफएसएच, एएमएच या बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनांना त्याची गरज नाही. पण 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं असेल, तर मधले दोन तास बसून काढायचे, खाणं नाही, फेऱ्याही नाहीत. 17-ओएच प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी मात्र सकाळीच, त्याची पातळी दिवसभरात उतरते. प्रोलॅक्टिन या हार्मोनसाठी जिना धावत चढून लगेच हात पुढे करू नये, दमल्यावर ते चढतं.

ओसरी: 'दुसरा दिवस' कसा मोजायचा तेही लिहा. 'पाळीनंतर दुसऱ्या दिवशी' असं तोंडी सांगितलं की काही जणी पाळी संपल्यावर येतात.

परखनळी: नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. नुसते डाग पडलेले धरायचे नाहीत. रात्री उशिरा आली तर कुणी दुसरा दिवस पहिला मानतात. दोन ते पाच एवढी मोकळीक असल्याने बिघडत नाही. 'एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन' हे मात्र 28 दिवसांच्या पाळीलाच लागू. 40 दिवसांची पाळी असेल तर 33 वा दिवस, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी.

आडवाट: आणि पत्रकात 'अंडाशयातल्या गाठी' लिहू नका. त्या न वाढलेल्या बीजपुटिका असतात, 2 ते 9 मिलिमीटरच्या. गाठ म्हटलं की बायका ऑपरेशन विचारतात.

ताम्रपट: 'बहुपुटी बीजांडकोश' हा शब्द आहेच.

चिमटा: आहे, पण सगळा महाराष्ट्र 'पीसीओडी' म्हणतो.

परखनळी: त्याहून घातक वाक्य वेगळंच आहे: 'पाळीच्या गोळ्या बंद करून या.' कोणत्या? गर्भनिरोधक गोळ्यांनाही तेच म्हणतात, पाळी आणण्याच्या गोळ्यांनाही आणि सणावाराला पाळी लांबवण्याच्या गोळ्यांनाही. गर्भनिरोधक गोळी एसएचबीजी चढवते आणि टेस्टोस्टेरॉन उतरवते, म्हणून ती बंद करून तीन महिने थांबायचं, तेही डॉक्टरांना विचारून आणि त्या काळात दुसरं साधन वापरून. लांबवण्याची नोरेथिस्टेरॉन एसएचबीजी खाली ओढते. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्याही लिहा: काही किटवर टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं घटलेलं येतं. निदान दोन दिवस आधी बंद, डोस मोठा असेल तर त्याहून आधी.

ओसरी: लांबवण्याच्या गोळीला आमच्याकडे 'पुढे ढकलायची गोळी' म्हणतात. तिन्हींना वेगळी नावं आहेतच की.

ताम्रपट: 'ढकलायची' हे छापायचं पत्रकात?