दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा किराणा : काय घ्यावं, काय टाळावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

चिंचवडला राहते. घरात ५ माणसं, किराणा महिन्याला साडेसात हजारांच्या खाली येत नाही. म्हणून दिवाळीनंतर नेहमीचे ब्रँड सोडून सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाची पाकिटं आणायला लागले. (दुकानाचं नाव देत नाही, उगाच वाद नको.) पहिल्याच महिन्यात बिल ९०० रुपयांनी उतरलं.

साखर, मीठ, पोहे, साबुदाणा, फिनेल... कुणाला पत्ताही लागला नाही. गाडी अडली तूरडाळीवर. किलोमागे ३० रुपये वाचतात म्हणून २ किलो आणली आणि गुपचूप जुन्या डब्यात भरली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी वरणात पळी फिरवली, "ही डाळ कुठली गं?" ५ शिट्ट्या होऊनही डाळ खाली, पाणी वर. आता घरात काहीही बिघडलं की "स्वस्तातलं आणलं असेल". परवा दूध नासलं तेही माझ्याच खाती, आणि दूध तर नेहमीच्या गवळ्याचं!

तर ही डाळ ब्रँडमुळे शिजत नाही की आणखी काही? उरलेलीचं काय करू? तेल आणि चहा बदलायला अजून धजावले नाहीये, कुणी वापरता का? आणि हा माल नक्की बनवतं कोण, हे कसं कळतं?

प्रतिसाद १
पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघितलीत का? जुनी डाळ अडतेच, ब्रँड कुठलाही असो. बोअरचं जड पाणी असेल तर विचारूच नका. तासभर गरम पाण्यात भिजवा, चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच. नाहीच जमलं तर वाटून धिरडी घाला, कुणी ओळखणार नाही.

प्रतिसाद २
पाकिटामागे 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' वेगवेगळे असतात, दोघांचे १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न परवाना) नंबरही. बनवणाऱ्याचा नंबर दुसऱ्या ब्रँडशी ताडून बघा. कारखाना एकच निघाला तरी माल तोच असेल असं नाही हं. तेलाच्या पिशवीवर ग्रॅम वाचा. १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण ७५० ग्रॅमची पिशवीही लांबून तशीच दिसते. चहाच्या वाटेला मात्र जाऊ नका, घर मोडेल.

धागाकर्ती
आभार! पाणी बोअरचंच आहे. तारीख कुठून बघू, डाळ डब्यात भरल्या भरल्या पाकीट फेकलं ना, पुरावा नको म्हणून. उद्या धिरडी.