दिवे घाट: चढणीपेक्षा अंतर जपा
आषाढी वारीत आईसोबत पुणे–सासवड हा पूर्ण टप्पा चालायचा की फक्त दिवे घाट, असं ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. माझं मत: पहिल्यांदाच असेल तर हडपसर किंवा वडकीपासून चाला.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटचालीतला पुणे–सासवड हा सर्वांत मोठ्या टप्प्यांपैकी एक, तीस किलोमीटरच्या वर. घाटाची चढण चार-पाच किलोमीटरचीच, पण ती येते दुपारनंतर. तोवर पुण्यातलं आणि सासवड रस्त्यावरचं डांबर तुडवून पोटऱ्या भरून आलेल्या असतात. त्यात बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी! आईंचा उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू, केळी, मीठ-साखरेचं पाणी जवळ हवंच. नुसत्या चहावर घाट चढू देऊ नका.

पालखीच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या लावतात, तिथे गर्दी फार दाटते. रथाच्या बरंच पुढे निघा. एखाद्या दिंडीच्या मागे टाळांच्या ठेक्यावर चाललात तर दम टिकतो, हे अगदी खरं आहे. मस्तानी तलाव वरून सुंदर दिसतो, पण कठड्यावर चढून फोटो नकोत.

आणि घाट चढून झेंडेवाडीला पोचलं म्हणजे झालं असं समजू नका. तिथून सासवड अजून दोन-तीन तास. पायताण बदलायचं तर तिथेच बदला.