लाईट आल्यावर डेटाबेस उठत नाही : क्रॉनमधलं 'स्लीप 60' पुरे आहे की नाही?

पऱ्हाटी : जिनिंगचा काटा घ्या, कृषी केंद्राचं बिलिंग घ्या, चित्र एकच. उबंटूचा (लिनक्सचा) एक डबा, आत मारियाडीबी हा डेटाबेस, डेटा दुसऱ्या डिस्कवर. लाईट जाते, येते, मशीन आपोआप चालू होते, पण डेटाबेस 'फेल्ड'. हातानं स्टार्ट केला का लगेच उठते. माझं मत सरळ हाय : क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) ॲट-रीबूट, स्लीप 60 म्हंजे 60 सेकंद थांब, मंग सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हंजे सर्व्हिस चालू कर. एका ओळीचं काम. सीझनात काट्यापुढं कापसाच्या गाड्या उभ्या असतात, तिथं सिस्टमडीचं (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचं) पुराण कोणाले वाचाचं हाय?

रूट_वऱ्हाडी : 'हातानं उठते, रीबूटला नाही' यातच अर्धं निदान झालं. कॉन्फिग बरोबर आहे, वेळ चुकते आहे. आधी स्टेटसचा शब्द नीट वाचा. 'इनॅक्टिव्ह' असेल तर बहुतेक कोणी सर्व्हिस एनेबलच (बूटला आपोआप उठेल अशी) केलेली नसते, नुसती स्टार्ट केलेली असते. 'फेल्ड' असेल तर ती उठायला गेली आणि पडली. मग जर्नलसीटीएल मायनस बी मायनस यू मारियाडीबी, म्हणजे या बूटमधला मारियाडीबीचा लॉग. शेवटच्या दोन ओळी नको, पहिली चूक शोधा. 'नो सच फाईल' दिसलं तर डिस्क माउंट झालेली (आपल्या फोल्डरला जोडली गेलेली) नव्हती.

ती का नव्हती? एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, 'नोफेल' लिहिलेलं असतं. डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून लोक टाकतात, ते योग्यच. पण नोफेल टाकलं की बाकी बूट त्या माउंटसाठी थांबत नाही. डेटाबेस पुढे पळतो, डिस्क मागून येते.

पऱ्हाटी : मंग 60 सेकंदात येतेच ना डिस्क! म्हणूनच तं स्लीप हाय.

रूट_वऱ्हाडी : नेहमी नाही. लाईट अचानक गेल्यावर ईएक्सटी-4 ही फाईलसिस्टम आपलं जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) पटकन लावून घेते, पण पूर्ण एफएसके (डिस्कची तपासणी) सुरू झालं तर मोठ्या हार्ड डिस्कला कित्येक मिनिटं लागतात. त्याहून वाईट म्हणजे डिस्क जोडलेली नसताना तिच्या जागी दिसणारं रिकामं फोल्डर. मारियाडीबी निदान बोंब मारून पडतो. डॉकरमधला (कंटेनरमध्ये चालणारा) पोस्टग्रेस डेटाबेस मात्र रिकामी डिरेक्टरी दिसली की गुपचूप नवा कोरा डेटाबेस बनवतो! मग 'डेटा गेला' म्हणून धावपळ. खरा डेटा डिस्कवर सुखरूप असतो आणि सकाळच्या पावत्या माउंटच्या खाली, त्या रिकाम्या फोल्डरात, दबलेल्या असतात.

इलाज दोन ओळींचा. सिस्टमसीटीएल एडिट मारियाडीबी, युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा, म्हणजे /डेटा माउंट झाल्याशिवाय उठू नको. हे ओव्हरराइड फाईलीत जातं, पॅकेज अपडेटनं पुसलं जात नाही. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटर प्लस आय (बदल बंद करणारी कमांड) मारा, म्हणजे रूटलासुद्धा तिथं लिहिता येणार नाही.

गावठाण_फीडर : डिस्कचं ठीक, पण निम्म्या केसेस नेटवर्कच्या असतात. लाईट आली की सर्व्हर आणि राउटर एकाच क्षणी चालू होतात. सिमवाला राउटर सावकाश उठतो. बाइंड-ॲड्रेसमध्ये (डेटाबेस कोणत्या आयपीवर ऐकेल ती सेटिंग) 192.168.1.10 लिहिलं असेल आणि तो आयपी अजून मिळालाच नसेल, तर 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. स्टॅटिक आयपी दिला तरी स्विच बंद असेपर्यंत तो सहसा लागत नाही. ॲप त्याच मशीनवर असेल तर 127.0.0.1 (फक्त हीच मशीन) ठेवा, नाहीतर 0.0.0.0 (सगळे पत्ते) आणि फायरवॉल. आफ्टर=नेटवर्क.टार्गेट लिहून भागत नाही. नेटवर्क-ऑनलाइन लागतं, आफ्टर (याच्यानंतर उठ) आणि वॉन्ट्स (हेही चालू कर) दोन्हीत.

आणि नुसतं रीस्टार्ट=ऑलवेज (पडली की पुन्हा उठव) नको. दोन प्रयत्नांतलं अंतर सिस्टमडीच्या डिफॉल्टनं 100 मिलिसेकंद, मर्यादा 10 सेकंदांत 5 प्रयत्न. सर्व्हिस लगेच पडत असेल तर एका सेकंदाच्या आत पाचही संपतात. रीस्टार्टसेक=15 (मधे 15 सेकंद थांब) द्या.

इन्व्हर्टर_मिस्त्री : राजेहो, मूळ रोग पावरचा अन् तुम्ही फाईली खरडून राह्यले. इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाह्यलं का? इको मोडवर लाईटवरून बॅटरीवर बदली व्हाले वेळ लागते, तेवढ्यात पीसी रीबूट. यूपीएस मोडवर टाकलं तं साधारण 180 ते 260 व्होल्टच चालते, गावात संध्याकाळी व्होल्टेज त्याच्या खाली गेलं का तेवढा वेळ बॅटरीच खाते. सर्व्हरले वेगळा छोटा यूपीएस लावा. अन् मदरबोर्डचा घड्याळवाला सीआर2032 सेलही पाहा. तो बसला का तारीख मागं जाते अन् सर्टिफिकेट 'नॉट येट व्हॅलिड' म्हणून सर्व्हिस पडते.

रूट_वऱ्हाडी : सेलचं शंभर टक्के खरं. पण यूपीएस लावला म्हणून क्रम सुधारत नाही. कर्नल अपडेटनंतरच्या रीबूटलाही सर्व्हिस तशीच पडेल.

पऱ्हाटी : ठीक, माउंटवाली ओळ टाकतो. पण क्रॉन काढत नाही. डिस्क 90 सेकंदात आली नाही तं 'डिपेंडन्सी फेल्ड' (ज्याच्यावर अवलंबून तेच नाही), अन् तिथं तुमचं रीस्टार्ट= चालतच नाही. मंग उठवन कोण?

रूट_वऱ्हाडी : हा मुद्दा मान्य. डिपेंडन्सीमुळे पडलेल्याला रीस्टार्ट= हात लावत नाही. ती ओळ असल्यावर तुमचा क्रॉन आधी माउंट करून पाहील, मगच डेटाबेस उठवेल. ठेवा, फक्त 60 चं 300 करा. आणि तपासा असं : मशीन बंद करून डेटा डिस्कची साटा केबल काढा, चालू करा. डेटाबेस उठता कामा नये. उठला तर ओव्हरराइड लागलेला नाही.