मदत हवी आहे: लाकडी खेळण्यांच्या ऑनलाइन दुकानाला वूकॉमर्स की शॉपिफाय?
आम्ही सावंतवाडीची लाकडी फळं-खेळणी विकतो, सध्या सगळं व्हॉट्सॲपवर, महिन्याला 30-40 ऑर्डर, पण कुणी पैसे भरले कुणी नाही याचा पार गोंधळ होतो. वूकॉमर्स (वर्डप्रेस साइटवर दुकान उघडून देणारं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) टाकून बघितलं, प्लगिन फुकट पण स्वस्तातल्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, रडत रडत उघडतं. शॉपिफायची (तयार ऑनलाइन दुकान भाड्याने देणारी सेवा) ट्रायल घेतली, सोपं आहे, पण दरमहा भाडं आणि बाहेरचा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) लावला की वर शॉपिफायची वेगळी फी. कोडिंग येत नाही, बजेट महिना 1000 च्या आत, यूपीआय हवंच, कॅश ऑन डिलिव्हरी नको. खरं दुखणं कुरिअरचं, फळांचा सेट हलका पण खोका मोठा, मग कुरिअरवाले व्हॉल्यूमेट्रिक वजन (खोक्याच्या मापावरून काढलेलं) लावतात आणि फरक आमच्या खिशातून जातो. खोक्याच्या मापावर आणि पिनकोडवर शिपिंग चार्ज चेकआउटलाच दाखवणारं, चांगलं चालणारं प्लगिन वूकॉमर्सला कुणी वापरलंय का?