दत्तक व्यक्तीचा मूळ जन्मदाखला सीलबंद का?

मूळनोंद
दत्तकावर बोलतात ते घेणारे, नाहीतर मध्यस्थ संस्था. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो चाळिशीला आला तरी 'दत्तक मूल'च. प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही, नोंदीबद्दल आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत दत्तकविधानानंतर नवा जन्मदाखला निघतो. त्यात दत्तक आईवडील जन्मदाते असल्यासारखे नोंदले जातात आणि मूळ दाखला बंद पाकिटात जातो. पालकत्व देण्यासाठी कोर्टाचा आदेश पुरेसा असताना जन्माची नोंद कशाला बदलायची? स्कॉटलंडने १९३० च्या कायद्यातच मूळ नोंद पाहण्याचा हक्क दिला. इंग्लंड-वेल्सने तो १९७५ च्या कायद्याने दिला. तिथली कुटुंबं काही मोडून पडली नाहीत.

दोन_घरं
असहमत. दाखल्यावरचा 'अनौरस' शिक्का शाळेत, नोकरीत आड येत असे, त्यातून या मुलांना वाचवायला नवा दाखला आला. शिवाय अनेक जन्मदात्यांना गुप्ततेचा शब्द दिला होता. तीस-चाळीस वर्षांनी तो मोडायचा आणि वर त्याला हक्क म्हणायचं?

मूळनोंद
शिक्क्याचं बरोबर आहे. पण सुरुवातीला नोंद झाकली ती चोंबड्या लोकांपासून. खुद्द दत्तक व्यक्तीला दार बंद झालं ते बहुतेक राज्यांत नंतर. आणि तो शब्द दिला कोणी? बहुधा संस्थेच्या माणसाने, तोंडी. दाखला सील होतो दत्तकाच्या आदेशाने, मूल सोडण्याच्या सहीने नव्हे. सही झाली, पण दत्तक कोणी घेतलंच नाही, तर नोंद उघडीच राहते. मग आईची गुप्तता हा हेतू उरतो कुठे?

कोरा_रकाना
कायद्यावर भांडताना फायलीत काय असतं तेही बघा. मोठी चूक आजारांच्या रकान्यात होते. 'विचारलं, आजार नाही' आणि 'विचारलंच नाही' या दोन्हींसाठी 'काही नाही' लिहून मोकळे होतात. डॉक्टर ते 'आजार नाही' असं वाचतो. दुसरं, विशीतल्या आईकडून भरून घेतलेली माहिती तिथेच थिजते. तिचा मधुमेह किंवा स्तनाचा कर्करोग पंचेचाळिशीत कळला तर तो फायलीत येणार कसा? माहिती पुढे कळवायची सोय हवी, नावाशिवाय चालेल. बाळाचं वजन, किती आठवड्यांचं जन्मलं, सही कधी घेतली, दुभाषा कोण होता, हेही हवं. १९९३ च्या हेग करारानुसार (परदेशात दत्तक देण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच ग्राह्य असते, त्यामुळे तारीख नसेल तर संमती तपासता येत नाही. मूळ माहिती जपायचं बंधनही त्याच करारात, कलम ३० मध्ये आहे. ती दाखवणं मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलंय. खरी गोम तिथेच आहे.

गुणसूत्र
सील तसंही फुटलंय, लोक डीएनए चाचणीतून रक्ताचे नातेवाईक शोधतात. त्यात पालक-अपत्याचं साम्य साधारण ३४०० सेंटीमॉर्गनच्या (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) वर दिसतं, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८५० च्या आसपास. घोळ होतो १७५० च्या आसपास, कारण तिथे आई किंवा बाप एकच असलेलं सावत्र भावंड, आजी-आजोबा, काका-मावशी सगळेच बसतात. मग वयावरून आणि इतर जुळण्यांवरून ठरवावं लागतं. एकाच वंशगटात पिढ्यानपिढ्या लग्नं होत आली असतील तर आकडे फुगतात आणि दूरचा नातेवाईक जवळचा वाटतो.

दोन_घरं
हे तर माझ्याच बाजूचं झालं! चाचणीत आधी भेटतो कुठलातरी चुलतभाऊ. आईने घरात काही सांगितलेलं नसेल तर तिच्याआधी सगळ्या गोतावळ्याला कळतं.

गुणसूत्र
म्हणूनच कार्यालयातून मिळालेला दाखला बरा. त्यातलं नाव थेट आईचं असतं, शोध गोतावळ्यातून जात नाही. फक्त एकाच नावाच्या दोन बायका असू शकतात, तेव्हा वय आणि गाव जुळल्याशिवाय संपर्क नको. पहिलं पत्र शक्यतो मध्यस्थामार्फत, अर्ध्या पानाचं. पाकिटावर आणि निरोपात नात्याचा उल्लेख नको, ते दुसऱ्याच कोणाच्या हाती पडतं.

मूळनोंद
आयर्लंडच्या २०२२ च्या कायद्यात माहिती आणि संपर्क वेगळे केलेत. पालकाने 'संपर्क नको' नोंदवलं तर अर्जदाराला आधी ते समजावून सांगतात, मग दाखला देतातच. नकार भेटीला, नावाला नाही.

दोन_घरं
एवढं मान्य. पण ती नोंद करता येते हे त्या आईपर्यंत कोण पोहोचवणार? घरच्यांपासून लपवलेली बाई सरकारी जाहिरात वाचून अर्ज भरेल, यावर माझा भरवसा नाही. आणि टाकून दिलेल्या बाळांच्या दाखल्यात मुळात नावच नसतं, त्यांना या हक्काचा उपयोग काय?

कोरा_रकाना
त्यांच्यासाठी सापडल्याची जागा, वेळ, अंगावरचे कपडे, सोबतची चिठ्ठी, पोलिस नोंदीचा क्रमांक. चिठ्ठीची नक्कल नको, मूळ कागदच जपा. कपडेही बऱ्याचदा धुऊन दुसऱ्या बाळाला घालतात, निदान त्याआधी फोटो तरी काढा.