बाबांच्या वहीतले 200 मार्क आणि फ्रँकचा न जुळणारा हिशेब

मुळाकाठ (प्रश्न)

बाबा 1981 ते 1983 जर्मनीत स्टुटगार्टला एका यंत्रांच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी होते. सुट्टी मिळाली की सीमेवरच्या केल गावाहून ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जायचे. दर वेळी बरोबर 200 जर्मन मार्क बदलून घ्यायचे आणि मिळालेले फ्रेंच फ्रँक वहीत लिहून ठेवायचे. आता त्यांचं वय झालंय. ती वही मी टाइप करून घरातल्या सगळ्यांना द्यायची म्हणतेय, रकमांना टिपा देऊन.

वहीतल्या नोंदी अशा:
एप्रिल 1981: 466 फ्रँक
11 जून 1982, शुक्रवार: 518 फ्रँक
जुलै 1982: 550 फ्रँक
मे 1983: 594 फ्रँक

नेटवरच्या एका गणकयंत्रात 200 मार्क घातले तर कुठल्याही वर्षासाठी 670.77 फ्रँकच येतात. मग बाबांना दर वेळी इतके कमी कसे मिळाले? कुणी फसवत होतं का? जूनच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलंय, "दोन दिवस थांबायला हवं होतं." याचाही अर्थ लागत नाही.

खतावणी

ताई, वडिलांना कुणी फसवलेलं नाही. चूक त्या गणकयंत्राची आहे. ते युरो चलनासाठी 31 डिसेंबर 1998 ला कायमचे ठरलेले दर वापरतं: 1 युरो म्हणजे 1.95583 मार्क आणि 6.55957 फ्रँक. त्यावरून एका मार्कला साधारण 3.35 फ्रँक येतात. 1981 साली हा दर कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

मार्च 1979 मध्ये युरोपीय चलन व्यवस्था (सदस्य देशांची चलनं एकमेकांशी ठरावीक दरांनी बांधणारी) सुरू झाली तेव्हा मार्कचा मध्यवर्ती दर 2.3095 फ्रँक होता. बाजारभावाला त्याच्या वर-खाली सव्वादोन टक्क्यांइतकीच मोकळीक. तो पट्टा सांभाळणं अशक्य झालं की सगळ्या देशांचे अर्थमंत्री बसून मध्यवर्ती दरच बदलत. म्हणून फ्रँक हळूहळू न घसरता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला. एका मार्कचे मध्यवर्ती दराने होणारे फ्रँक असे:

सप्टेंबर 1979: 2.3557
ऑक्टोबर 1981: 2.5621
जून 1982: 2.8340
मार्च 1983: 3.0665
एप्रिल 1986: 3.2562
जानेवारी 1987: 3.3539

आता जूनची नोंद बघा. शनिवार, 12 जून 1982 ला मार्क 4.25 टक्क्यांनी वर आणि फ्रँक 5.75 टक्क्यांनी खाली नेण्याचा निर्णय झाला, सोमवारपासून लागू. तुमच्या वडिलांनी पैसे बदलले आदल्याच दिवशी! अशा बैठका शनिवार-रविवारी होत, कारण तेव्हा बाजार बंद असत.

कारण म्हणाल तर महागाई. 1981 मध्ये फ्रान्समध्ये ती 13 टक्क्यांच्या वर होती, जर्मनीत 6 च्या आसपास. मे 1981 मध्ये मित्तराँ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, सरकारी खर्च वाढला, आणि फ्रँक सांभाळणं आणखी जड गेलं.

जुनी नाणी

एक भर. 466 आणि 518 या रकमा त्या त्या पट्ट्यात नीट बसतात. जुलैचा दर मात्र 2.75 पडतो आणि पट्ट्याची तळरेषा तेव्हा 2.77 होती. मे 1983 चा दर 2.97, तळरेषा जवळजवळ 3. मला यात खिडकीवरचा वटाव दिसतो. दर बदलल्यावर फ्रँक सावरून पट्ट्याच्या मजबूत कडेला, म्हणजे तळरेषेजवळ, जाऊन बसायचा, त्यात नोटा बदलणाऱ्याने आपला वाटा काढला की एवढाच फरक पडतो. टिपेत बाजारभाव आणि हातात पडलेला भाव वेगळे दाखवा, नाहीतर पुढे कुणीतरी पुन्हा गोंधळेल.

मुळाकाठ

दोघांचे मनापासून आभार. पट्ट्यांचा तक्ता करून वहीच्या शेवटी जोडते. अजून एक ओळ अडली आहे. एप्रिल 1983 मध्ये फ्रान्समधल्या ल्याँच्या एका सहकाऱ्याबद्दल बाबांनी लिहिलंय, "उन्हाळ्यात म्युनिकला येणार होता. आता येत नाही म्हणतो. वर्षाला 2000 फ्रँकच नेता येतात." हे खरं असेल?

खतावणी

अगदी खरं. मार्च 1983 च्या अवमूल्यनापाठोपाठ फ्रान्सचे अर्थमंत्री जाक दलोर यांनी काटकसरीचे उपाय जाहीर केले. त्यात परदेशी फिरायला जाणाऱ्या प्रौढ माणसाला वर्षाला 2000 फ्रँकची मर्यादा होती. त्यासाठी एक छोटं पुस्तक मिळायचं आणि बदललेल्या चलनाची नोंद त्यात व्हायची. मे 83 च्या भावाने ते 2000 फ्रँक म्हणजे 670 मार्कांच्या आतबाहेर. तेवढ्यात म्युनिकची उन्हाळी सुट्टी ओढूनताणून झाली असती, पण बायकामुलांसह हॉटेलात राहायचं तर अवघडच.

मुळाकाठ

काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. 12 जूनची तारीख ऐकल्यावर म्हणाले, "सोमवारी कारखान्यात सगळे तेच बोलत होते." ल्याँच्या सहकाऱ्याचं नाव त्यांना लगेच आठवलं. मग थोड्या वेळाने म्हणाले की तो आलाच नाही, मीच ऑगस्टमध्ये ल्याँला गेलो, 300 मार्क घेऊन. ती नोंद वहीत नाही. आज त्यांच्याकडून लिहून घेणार आहे.